मीठवाली ओशिओचं कार्ड

कुरोकीसान,

तुम्ही गेलात त्याला आता तीन वर्षं होतील, तेव्हा हे पत्र टपालात टाकायचा प्रश्न नाही. आपल्या बाजारपेठेच्या मंडळानं जुन्या दुकानदारांवर पुस्तिका काढायची ठरवली आहे. अध्यक्ष माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच लिहा. कुरोकींवर दोन-चार पानं. प्रेमळ होते, पोरांचे लाडके होते, असं काहीतरी." मी म्हटलं, प्रेमळ वगैरे काही नव्हते, हट्टी होते, आणि थंडीत नाक पुसत नसत. अध्यक्ष हसले. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

म्हणून मी सरळ तुम्हालाच लिहिते. तुमच्याबद्दल तिसऱ्या माणसाला सांगायला लागले की मला राग येतो आणि राग आला की माझं अक्षर बिघडतं. पुस्तिका वाचणाऱ्यांनी मागे उभं राहून ऐकावं. तुमच्या गेम सेंटरमध्ये लोक तसेच तर उभे राहायचे, हाताची घडी घालून, दुसऱ्याचा खेळ बघत.

त्यांच्यासाठी एवढं सांगते की आपल्या दोघांत एक फळीची भिंत होती. अलीकडे माझं वह्या-कागदांचं दुकान, पलीकडे तुमचं सुझुमे गेम सेंटर, नाणं टाकून पडद्यावर मारामारी करायच्या खेळांचं. मी पदार्थविज्ञान शिकलेली, अकरा वर्षं मुलींच्या शाळेत शिकवलेलं, आणि मग वडील अंथरुणाला खिळले म्हणून इथे गावी, याहाताला, परत येऊन गल्ल्यावर बसलेली. दिवसभर त्या फळीतून ठोसे, किंकाळ्या आणि कुणी जिंकल्याचे बिगुल ऐकू यायचे. मी भाताचा घास तोंडात घालावा आणि पलीकडे कुणाचं तरी हाड मोडावं. पहिली दोन वर्षं मी फळीवर झाडू आपटायचे. तिसऱ्या वर्षी आवाज थांबला की उलट मलाच चुकल्यासारखं व्हायला लागलं.

तेव्हा दुकान तुमचं नव्हतं, तुमच्या बायकोचं, फुसाएसानचं होतं. तिच्या वडिलांनी ठेवलेलं, आधी गोळ्या-बिस्किटांचं, मग मशिनांचं. तुम्ही पोलादाच्या कारखान्यात, विजेच्या दुरुस्तीवर, तीन पाळ्यांत. दुपारी दोन ते चार दुकानात चिटपाखरू नसायचं. मग फुसाएसान कोपऱ्यातल्या जुन्या मशीनपुढे बसायची आणि शाळेतून आलेली चिनात्सु दप्तर न काढताच तिच्या शेजारी. एकाच पडद्यापुढे दोन दांडे, मायलेकी खांद्याला खांदा लावून एकमेकींना बडवत बसायच्या.

त्या खेळात ओशिओ नावाची एक होती. बाकीचे लढवय्ये तलवारी घेऊन यायचे, अंगातून ज्वाळा काढायचे. ओशिओ म्हणजे डोक्याला फडकं बांधलेली चाळिशीची मीठवाली, खांद्यावर कावड, दोन्हीकडे मिठाच्या टोपल्या. मीठ फेकायची, कावडीचं टोक हाणायची, आणि बहुतेक वेळा हरायची. दोघी मायलेकी तिलाच घ्यायच्या. एकीचं फडकं निळं, दुसरीचं तांबडं. एक बटण असं होतं की ते दाबलं की ओशिओ कावड खाली ठेवायची आणि कमरेचा टॉवेल काढून घाम पुसायची. बस. तेवढ्या वेळात समोरच्यानं तिला मनसोक्त बदडून घ्यावं. चिनात्सु दर वेळी समोरच्याला आडवं पाडलं की हेच बटण दाबायची.

तुम्ही पहिली पाळी करून आलात की मागे उभे राहून म्हणायचात, "पडलेल्याला हाणायचं सोडून घाम कसला पुसतेस?"

"दमलीये ती, बाबा. मिठाची कावड आहे. तुमचा स्क्रूड्रायव्हर नाही."

फुसाएसान पडद्यावरची नजर न हलवता म्हणायची, "ह्यांना काय कळतंय. ह्यांनी कधी मिठाची पिशवीसुद्धा उचलून आणलेली नाही."

मशिनाशेजारी सुतळीला बांधलेली एक वही लोंबायची. तशी ती सगळ्याच गेम सेंटरांत असते, पण तुमच्याकडची माझ्या दुकानातली, शंभर पानी, जाड पुठ्ठ्याची. खेळायला येणारे त्यात चाली लिहायचे, एकमेकांना टोमणे मारायचे, चित्रं काढायचे. फुसाएसान रोज संध्याकाळी त्यात दिवसातला सगळ्यात मोठा आकडा टिपून ठेवायची. मशीन बंद केलं की ते सगळं विसरून जायचं ना.

मग ती आजारी पडली, तुम्ही कारखाना सोडलात, आणि चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीत ती गेली. चिनात्सु पंधराची.

आता तुमच्या धंद्याची एक गोष्ट वाचणाऱ्यांना सांगायला हवी. नवा खेळ आला म्हणजे कुणी नवं मशीन आणत नाही. खोकं तेच ठेवायचं, पोटातला बोर्ड, ज्यात खेळ असतो तो, काढून दुसरा घालायचा, वरची पट्टी बदलायची. पंधरा मिनिटांचं काम. जुना बोर्ड व्यापाऱ्याला द्यायचा, नव्याची किंमत तेवढी कमी होते. सगळे असंच करतात. तुम्ही मे महिन्यात एका सकाळी तेच केलंत. दुपारी मी नवी वही द्यायला आले होते आणि नेमकी तेव्हाच चिनात्सु शाळेतून आली. म्हणून मला हे माहीत आहे.

कोपऱ्यात रंगीत फुगे फोडायचा खेळ चालू होता. ती बघत उभी राहिली.

"आईचं मशीन कुठंय?"

"हेच की," तुम्ही म्हणालात. "खोकं तेच आहे."

"आणि आतलं?"

"आतलं गेलं व्यापाऱ्याकडे. कुणी खेळत नव्हतं त्यावर."

"मी खेळत होते."

"तू नाणं टाकत नव्हतीस."

कुरोकीसान, हे वाक्य तुम्ही उच्चारलंत, मी ऐकलं, आणि अध्यक्षांनी ते पुस्तिकेतून गाळू नये म्हणून मी छपाईच्या वेळी स्वतः जाऊन बसणार आहे. तुम्ही वाईट बोलावं म्हणून बोलला नाहीत. तीन महिन्यांपूर्वी बायको गेलेली, धंदा नवा, व्यापारी दारात. तुम्हाला वाटलं तुम्ही खोकं सांभाळलंत. कारखान्यात जळलेला भाग काढून नवा घालण्यात तुमचं आयुष्य गेलं होतं.

ती रडली नाही, भांडली नाही. दप्तरातून गृहपाठ काढून गल्ल्यावर करत बसली. पुढची तीन वर्षं तुम्हाला वेळेवर भात आणि आमटी करून घातली, आणि शाळा संपल्यावर आठव्या दिवशी ओसाकाला निघून गेली. दोन वर्षं नव्या वर्षाची कार्डं आली. दुसऱ्या कार्डावर पत्ता नव्हता. तिसरं आलं नाही.

मधल्या काळात तुमच्या भिंतीवर एक नियम आला होता. तोवर लढाईच्या खेळांना दोन-दोन मशिनं पाठीला पाठ लावून ठेवायची पद्धत आली होती. एक इकडून खेळतो, दुसरा पलीकडून नाणं टाकून आव्हान देतो. मध्ये मशिनं उभी, त्यामुळे समोरचा दिसत नाही, फक्त त्याचे हात चालल्याचा खडखडाट येतो. एकदा टॅक्सीवाले तानिगुची लागोपाठ नऊ वेळा जिंकले आणि हरलेला गडी कोण हा शहाणा म्हणून उठून पलीकडे बघायला गेला. तानिगुचींनी त्याच्याकडे बघून दात काढले. त्यानं हातातला कॉफीचा डबा त्यांच्या कपाळावर मारला. गरम कॉफीचा. दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्याकडून जाड कागद नेलात आणि तुमच्या त्या कारखान्यातल्या सूचनाफलकासारख्या अक्षरात लिहिलंत : "खेळ चालू असताना किंवा संपल्यावर समोरच्याचा चेहरा बघायला उठू नये." मी म्हटलं, एवढं कडक कशाला? तुम्ही म्हणालात, "बाई, चेहरा दिसला की माणूस हरतो त्याच्याकडून. नाही दिसला तर खेळाकडून हरतो. घरी शांत झोपतो."

हे मात्र शहाणपणाचं होतं. मी तेव्हा बोलले नव्हते, आता लिहिते.

आणि मग एका गाजलेल्या खेळाचा दुसरा भाग आला.

दोन कंपन्या, वर्षानुवर्षं एकमेकींच्या वैरी, त्यांनी आपापले लढवय्ये एकाच खेळात आणून सोडले होते. पहिल्या भागात चोवीस. त्यावरच पोरं वेडी झाली होती, कारण जे कधी समोरासमोर यायचेच नाहीत ते आता एकमेकांच्या नरडीला लागले. तानिगुचींनी तर म्हटलं होतं की हे म्हणजे दोन घरचे देव एका देव्हाऱ्यात. दुसऱ्या भागात अठ्ठेचाळीस. दोन हजार एकच्या जुलैमध्ये त्याचं पत्रक आलं आणि तुम्ही ते घेऊन माझ्या दुकानात आलात, घामानं डबडबलेले, आणि माझं भिंग मागितलंत.

पत्रकावर अठ्ठेचाळीस चेहऱ्यांच्या चौकटी, टपालाच्या तिकिटांएवढ्या. तुम्ही शेवटच्या ओळीतल्या शेवटच्या चौकटीवर बोट ठेवलंत.

"बाई, ही बघा. कोण आहे?"

मी भिंगातून पाहिलं. डोक्याला फडकं. खांद्यावर काठीचा तुकडा.

"मीठवाली."

"नक्की ना?"

"माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. तुमच्यांना झालंय. भिंग फार लांब धरता तुम्ही."

"दहा वर्षं हिला कुणी विचारलं नाही," तुम्ही म्हणालात. "चोवीसमध्ये नव्हती. यादी वाढवायची म्हणून कुठल्या तरी गोणत्यातून काढली असणार."

"मग?"

"मग काही नाही. देशभर लागणार हा खेळ. ओसाकालाही लागेल."

एवढं बोलून तुम्ही भिंग माझ्या हातात न देता घेऊन गेलात. पण मला कळलं. तुम्हाला मुलीचा पत्ता माहीत नव्हता, फोन माहीत नव्हता, ती काय खाते, कुणाबरोबर राहते माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं की ही मीठवाली कुठल्यातरी पडद्यावर तिला दिसणार. आणि दिसली तर कदाचित ती आपल्याकडे येणार.

मशिनाबरोबर येणाऱ्या छापील पट्टीवर पाच-सहा नामांकित लढवय्यांच्या चाली होत्या. बाकीच्यांचं ज्याचं त्यानं बघावं. तुम्ही माझ्याकडून अठ्ठेचाळीस कार्डं नेलीत आणि भिंतीवर लावायला एकेकाच्या चाली हातानं लिहायला बसलात. दांडा खाली, मग पुढे, मग ठोसा, असे बाण काढून. सगळ्यांनी सुरुवात पहिल्यापासून केली असती. तुम्ही अठ्ठेचाळीसाव्यापासून केलीत. ओशिओच्या चाली कुठे छापलेल्याच नव्हत्या, पण तुम्हाला पाठ होत्या, मुलीच्या मनगटाकडे मागून बघून पाठ झालेल्या. शेवटी लिहिलंत : "कावड खाली ठेवून घाम पुसणे. उपयोग नाही."

मी म्हटलं, "उपयोग नाही तर लिहिता कशाला?"

"आहे ते लिहायचं. यंत्राच्या पुस्तकात काही गाळत नाहीत."

खेळ लागला, गर्दी झाली. ओशिओला मात्र कुणी हात लावेना. तुम्ही रोज दुपारी दोन वाजता एका बाजूला बसायचात आणि तिला घ्यायचात. तानिगुची दोन सवाऱ्यांच्या मध्ये येऊन पलीकडून रेड्याच्या डोक्याचा लढवय्या घेऊन तुम्हाला लोळवायचे.

"अहो मालक, सत्तेचाळीस जण सोडून ही म्हातारी का घेता? ह्यांना सांगा हो बाई, दुसरी बघा म्हणावं."

"तुम्ही तुमचा रेडा सांभाळा," तुम्ही म्हणायचात. "माझ्या घरच्या बाईबद्दल बोलू नका."

सप्टेंबर आला. शरदातला समरात्रीचा आठवडा, दिवस आणि रात्र सारखे होतात तेव्हाचा, लोक घरच्या थडग्यांवर फुलं वाहायला गावी येतात तो. दुकान बंद करायच्या सुमारास तुम्ही माझ्याकडे आलात. मी ओहागी केले होते, लाल चवळीच्या पुरणात घोळवलेले भाताचे लाडू. बशी पुढे केली तर तुम्ही ती हातात धरून तसेच उभे.

"बाई, आज समोर ती होती."

"कोण?"

"मी ओशिओ घेतली. समोरून नाणं पडलं. तिनंही ओशिओच घेतली, तांबड्या फडक्याची. मला पाडलं, आणि कावड ठेवून घाम पुसला."

मी स्टूल पुढे सरकवलं. तुम्ही बसला नाहीत.

"पहिल्यांदा मी हरलो. परत नाणं टाकलं. परत हरलो. तिसऱ्यांदा जिंकलो."

"जिंकलात कशाला?"

"मुद्दाम हरलो असतो तर तिला कळलं असतं. लहानपणी एकदा हरलो होतो तसा. आठ दिवस बोलली नव्हती."

"बरं. मग बघितलंत ना तिला?"

"नाही. स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग मागचं, स्टेशनच्या बोळातलं दार वाजलं."

"आणि तुम्ही बसून राहिलात?"

"नियम आहे."

"कुरोकीसान, तो नियम तुम्ही लिहिलाय."

"म्हणूनच तर," तुम्ही म्हणालात.

मी तुम्हाला त्या दिवशी जे बोलले ते इथे लिहीत नाही. दगड म्हटलं, एवढं पुरे. त्यावर तुम्ही बशी खाली ठेवलीत आणि शर्टात खुपसलेली वही काढलीत, सुतळी तोडून आणलेली. त्या दिवसाच्या पानावर, कुणा विद्यार्थ्यानं काढलेल्या रेड्याच्या चित्राखाली, पेन्सिलीनं एक ओळ होती. नाव नाही. "मीठवालीच्या कार्डात एक चाल राहिलीय."

"अक्षर तिचं?"

"चार वर्षांत अक्षर बदलत असेल," तुम्ही म्हणालात. मग त्या ओळीवर बोट ठेवून म्हणालात, "कुठली चाल राहिली? सगळ्या लिहिल्यात मी."

"फुसाएसानच्या थडग्यावर फुलं होती?"

"होती. पण ती माझी बहीणही ठेवते."

तेव्हा तुम्ही मला ते काम सांगितलंत. नियम खेळणाऱ्यांसाठी आहे, बाई खेळत नाहीत, तेव्हा बाईंनी बघायला हरकत नाही. ती परत आली तर वसंतातल्या समरात्रीला येईल, थडग्यावर जायला. तुम्ही फळीवर तीन वेळा ठोकाल. मी स्टेशनच्या बोळातून मागच्या दारानं यायचं, तिचा चेहरा बघायचा, चिनात्सुच असेल तर ओशिओचं कार्ड आणि पेन तिच्या हातात द्यायचं आणि म्हणायचं, बाबा म्हणताहेत राहिलेली चाल लिहून जा. तुम्ही दुसरं कार्डही करून आणलंत, भिंतीवरच्याची हुबेहूब नक्कल, शेवटी एक ओळ कोरी सोडलेली.

"आणि दुसरीच कुणी निघाली तर?"

"तर काही म्हणू नका. कागद विकायला आलोय म्हणा."

"गेम सेंटरात कागद विकणारी बाई. लोक मला वेडी म्हणतील."

"आत्ता काय म्हणतात?"

आणि सहा महिने तुम्ही वाट पाहिलीत. तो हिवाळा मला नीट आठवतो. गर्दी नोव्हेंबरातच ओसरली, पोरं नव्या खेळाकडे गेली. जानेवारीत व्यापारी आला, म्हणाला, ह्या बोर्डाला अजून चांगला भाव आहे, काढून टाका, नवा देतो. फळीतून मला सगळं ऐकू येत होतं. तुम्ही म्हणालात, नको. तो म्हणाला, धंदा बुडेल. तुम्ही म्हणालात, दुसरी आठ खोकी आहेत, त्यातलं काय हवं ते बदला, ह्याला हात लावायचा नाही. तानिगुचीसुद्धा म्हणाले, "मालक, ह्याच्यावर आता मी आणि तुम्हीच उरलो." "मग तुम्ही या रोज," तुम्ही म्हणालात. ते यायचे. फुकट बोलणारा माणूस होता, पण यायचा.

रात्री तुम्ही एकटे बसून ती राहिलेली चाल शोधायचात. दांडा सगळ्या दिशांना फिरवून, बटणं सगळ्या क्रमांनी दाबून. कारखान्यातल्या माणसासारखं, एकेक करून, सापडलं नाही की वहीत फुली. त्या हिवाळ्यात तुम्ही माझ्या तीन वह्या संपवल्यात. सापडली नाही.

मार्च उजाडला. समरात्रीच्या दिवशी दुपारी अडीचला फळीवर तीन ठोके पडले.

तुम्हाला मी त्या दिवशी काय सांगितलं ते तुम्हाला माहीत आहे. आता खरं सांगते.

मी निघाले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. एप्रनच्या खिशात कार्ड आणि पेन घेऊन बोळातून गेले, मागचं दार हळू उघडलं, घंटीला बोट लावून, ती वाजू नये म्हणून. तुमच्या मशीनच्या पाठीमागच्या मशीनपुढे एक बाई बसली होती. माझ्याकडे पाठ. करडा कोट, केस मानेवर बांधलेले, पायाशी फुलांचा ओला कागद गुंडाळून ठेवलेला. मी सहा पावलांवर होते. चार पावलं गेले. दोन राहिली.

आणि मी पडद्याकडे पाहिलं. तांबड्या फडक्याच्या ओशिओनं निळ्या फडक्याच्या ओशिओला आडवं पाडलं आणि कावड खाली ठेवली. घाम पुसायला लागली. तुम्ही उठून उभे राहिलात, म्हणजे तुमची ओशिओ. तेव्हा तुम्ही तिला हाणायचं. तीन पावलांवर उभी होती ती, हातात टॉवेल. हाणलं नाहीत. तुम्ही पण कावड खाली ठेवलीत.

दोघींच्या कावडी जमिनीवर टेकल्या. मग त्यांनी असं काही केलं जे मी त्या मशीनवर कधीच पाहिलं नव्हतं. दोघी आपापल्या टोपलीवर बसल्या. एकीनं कमरेची बांबूची नळी काढली, प्यायली, दुसरीकडे दिली. ती प्यायली. वर घड्याळ चालूच होतं, सत्तर, एकोणसत्तर, अडुसष्ट. ना इकडचा दांडा हलला ना तिकडचा. खडखडाट थांबला होता.

राहिलेली चाल ती होती. दोघांनी मिळून करायची होती, म्हणून तुम्हाला हिवाळाभर एकट्याला सापडली नाही. दुपारी दोन ते चार, दुकान रिकामं असताना, मायलेकी ती करत असणार, तुम्ही पाळीवर असाल त्या दिवशी.

तुम्ही मला पाठवलं होतं चेहरा बघायला. मला फक्त दोन पावलं टाकायची होती, नाहीतर खोकायचं तरी होतं. मी आयुष्यात कधी कुणासाठी थांबलेली बाई नाही. डॉक्टरांच्या दारात मी नंबर सोडून आत जाते. पण तिथे कागद विकायला आल्यासारखं पुढे जाऊन "अहो" म्हणायचं मला जमेना. चाळीस झाले. पस्तीस झाले. त्या बाईच्या खांद्यांकडे बघून मला काही ओळखता आलं नाही. ते हलत नव्हते. मी वळले आणि घंटीला बोट लावून बाहेर पडले.

माझ्या दुकानात बसून फळीतून ऐकलं. वेळ संपल्याचा भोंगा. दुसरी फेरी, परत काहीच आवाज नाही, परत भोंगा. तिसरी फेरीही तशीच गेली. मग बोळातली घंटी वाजली. तुमचं स्टूल सरकल्याचा आवाज आला नाही. बऱ्याच वेळानं एक नाणं पडलं आणि तुम्ही एकटेच मशीनशी खेळायला लागलात.

संध्याकाळी आलात.

"बघितलंत, बाई?"

"गिऱ्हाईक होतं," मी म्हटलं. "येता आलं नाही."

तुम्ही माझ्या चेहऱ्याकडे बघितलंत. मला वाटलं आता दगड म्हणायची पाळी तुमची. तुम्ही नाक ओढलंत, रुमाल न काढता, आणि म्हणालात, "असू दे. पुढच्या खेपेला."

कार्ड तुम्ही परत मागितलं नाहीत, मी दिलं नाही. पुढच्या सप्टेंबरला मी दुपारभर दुकानाच्या दारात उभी होते. त्याच्या पुढच्यालाही. ठोके पडले नाहीत. बोर्ड तुम्ही दुकान बंद होईपर्यंत, आणखी नऊ वर्षं, त्या खोक्यात ठेवलात. शेवटी तानिगुचीही यायचे थांबले, त्यांना डोळ्यांनी दिसेना, तरी दुपारी दोनला फळीतून मीठ फेकल्याचा आवाज यायचा. मग तुम्ही बेप्पूला बहिणीकडे गेलात. जाताना ती दोन मशिनं भंगारात दिलीत आणि बोर्ड तेवढा टॉवेलात गुंडाळून बरोबर नेलात.

ती चिनात्सु होती की नव्हती हे मला माहीत नाही. पुस्तिका वाचणाऱ्यांना ती असलेली आवडेल. त्या जुन्या मशीनवर लहानपणी आणखी कुणी कुठे खेळलं असेल, देशात काय एकच मशीन होतं? तुम्ही वारल्यावर तुमच्या बहिणीनं फोनवर सांगितलं की मुलीला कळवता आलं नाही, पत्ता कुणाकडेच नाही. मी तिला करड्या कोटाबद्दल विचारणार होते, आणि फोन ठेवून दिला.

कार्ड माझ्या गल्ल्याच्या खालच्या खणात आहे. भिंगही तिथेच आहे, तुम्ही ते पाच वर्षांनी परत केलंत, काच ओरखडलेलं. पेनातली शाई वाळली होती, मी नवं आणून ठेवलं. कार्डावरची शेवटची ओळ मला भरता आली असती, चाल मी डोळ्यांनी पाहिली आहे. पण ती मी लिहायची असं ठरलं नव्हतं. माझं काम फक्त ते हातात द्यायचं होतं. समरात्रीच्या आठवड्यात मी अजून दुकान दुपारी बंद करत नाही.